चौथऱ्यापर्यंत किती वेळ

त्या गावात एकाही पाटीवर किलोमीटर लिहिलेला नव्हता आणि याचा गावाला कोण अभिमान! पाहुणा बसमधून उतरला, पाठीवरची पिशवी सावरत त्यानं मान वर केली, की समोर हिरवी पाटी : वरचा चौथरा, एक तास पंचवीस मिनिटं. तो बिचारा विचारायचा, "पण अंतर किती?" त्यावर बसथांब्यावरचा चहावाला कपाळाला हात लावायचा. "अंतर घेऊन काय करणार साहेब? डोंगर आहे हा. वेळ विचारा, वेळ."

बरोबरच आहे म्हणा. डोंगरात अंतर म्हणजे शुद्ध थाप. नकाशावर वीतभर दिसणारी वाट पायाखाली आली की तोंडाला फेस आणते, आणि लांबलचक दिसणारी गप्पांत संपून जाते. म्हणून कुणा शहाण्यानं फार पूर्वी ठरवून टाकलं की पाट्यांवर वेळच लिहायचा. आता वेळ कुणाचा, हा प्रश्न आलाच. तर तो पाटीवाल्यांचा.

पाटीवाले म्हणजे नगरपालिकेत पायवाटांची देखभाल करणारे गृहस्थ. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक, मिशी पांढरी, स्वभाव एकमार्गी. गावाभोवतीच्या सात वाटा त्यांच्या ताब्यात. दरड आली तर दगड बाजूला करायचे, कठडा हलायला लागला तर तार आवळायची, पायरी सुटली तर बसवायची, हे वर्षभराचं काम. आणि वर्षातून एकदा, बर्फ वितळून चिखल वाळला की, प्रत्येक वाट एकट्यानं घड्याळ लावून चालायची. चाल नेहमीची हवी. पळायचं नाही, रेंगाळायचं नाही. दम खायला थांबलात तर तो वेळ धरायचा, गप्पा मारायला थांबलात तर सोडून द्यायचा. घरी येऊन वहीत आकडा लिहायचा, दुसऱ्या दिवशी शिडी लावून पाटी रंगवायची. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं आणि पाटीवाल्यांच्या पाटीत चूक काढायची गावात कुणाची छाती नव्हती.

पहिल्या वर्षी चौथऱ्याला त्यांना पन्नास मिनिटं लागली होती. पुढं चोवीस वर्षं कधी पन्नास, कधी बावन्न, फार तर पंचावन्न. मग मात्र आकडा चढायला लागला. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. मागच्या वर्षी ऐंशी. आणि यंदा एक तास पंचवीस.

पण गावाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट गाव म्हणालं, वाटलंच होतं! हवाच बिघडलीय हो. आणि हवा बिघडली होती, त्यात खोटं काही नव्हतं. पूर्वी बर्फ दारात कंबरेएवढा पडायचा, आता घोट्याएवढा पडून दुसऱ्या दिवशी गटारात जायचा. दुसऱ्या वळणावरचा झरा तीन वर्षांपूर्वी आटला तो आटलाच. विजेच्या सामानाच्या दुकानात पंखे आले होते. पंखे! या गावात! घरांची छतं थंडीसाठी मुद्दाम बुटकी ठेवलेली, पंखा टांगायला उंची कुठाय? दुकानदारानं स्वतःच्या घरी एक लावला आणि पहिल्याच दिवशी सदरा काढताना त्याचा हात त्यात गेला. त्याच्या प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या, पण पंखे तरीही खपलेच. तेव्हा पाटीवर मिनिटं वाढली यात विशेष ते काय? खुद्द पाटीवालेसुद्धा दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे, छाती भात्यासारखी चालायची, आणि मनाशी म्हणायचे, हवेत दमच राहिला नाही आता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या अहवालवाल्या बाई आल्या.

बाई शहरातून पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. डोंगरातली लहान गावं राहायला कशी आहेत, हवा कशी, पाणी किती, सावली कुठं, माणसं फिरायला जातात का, असा त्यांचा अहवाल. दहा दिवस त्यांनी गावभर हिंडून सगळ्यांचं डोकं खाल्लं, आणि मग कुणीतरी त्यांना पाटीवाल्यांच्या वह्यांबद्दल सांगितलं. सोमवारी सकाळी बाई त्यांच्या खोलीत हजर. खोली कसली, नगरपालिकेच्या जिन्याखालची अडगळ ती. रंगाचे डबे, तारेची वेटोळी, दोन फावडी, आणि एका फळीवर एकतीस वह्या ओळीनं. बाई खाली फरशीवरच बसल्या आणि वह्या उघडून बघतात तो काय, त्यांचे डोळेच चमकले.

"काका, हे सोनं आहे, सोनं! एकच वाट, एकच महिना, एकतीस वर्षं. हवामान बदलल्यामुळं माणसाच्या चालण्यावर किती परिणाम होतो, याचा असा पुरावा मी कुठंच बघितला नाही."

पाटीवाले फुलून गेले. एकतीस वर्षांत त्या वह्यांना कुणी हात लावला नव्हता, उंदीर सोडून.

"आणि दरवेळी चालणारे तुम्हीच?" बाईंनी विचारलं.

"मीच. दुसऱ्याच्या पायावर माझा भरवसा नाही."

"उत्तम," असं म्हणत बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांचा हात थांबला. "वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

बाईंनी तेही लिहिलं. मग वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. शेवटी अगदी हळू, कुणाला लागू नये अशा आवाजात म्हणाल्या, "काका, यात दोन गोष्टी मिसळल्यात. डोंगर किती आणि तुम्ही किती, हे वेगळं करता येईल का? मी शुक्रवारी अकराच्या बसनं जाणार. तोवर सांगितलंत तर बरं."

बाई गेल्या. पाटीवाले रंगाच्या डब्यावर तसेच बसून राहिले.

आता ते एवढे का हबकले, ते सांगायला हवं. हा ब्रश त्यांच्या हाती आला तो असाच आला होता. त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या देखरेखवाल्याच्या पाट्यांवरही शेवटी शेवटी मिनिटं वाढत चालली होती. तेव्हा पाटीवाले सत्तावीस वर्षांचे होते, रक्त गरम, जीभ मोकळी. भर कचेरीत ते म्हणाले होते, "नाना, डोंगर नाही वाढला. तुम्ही म्हातारे झालात." सगळे हसले होते. नानांनी ब्रश टेबलावर ठेवला आणि ते घरी गेले. छातीचं दुखणं होतं म्हणे, कुणाला ठाऊक नव्हतं. पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही.

म्हणजे डोंगर असेल तर ठीक. आणि आपण असू तर ब्रश गेला, आणि कदाचित ब्रशाबरोबर आणखीही काही. एवढा साधा हिशेब, पण उत्तर काही केल्या येईना.

दुपारी नगरपालिकेच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेबांना बातमी आधीच लागली होती. भिंतींनाही कान असतात म्हणतात, त्या कचेरीच्या भिंतींना तर तोंडही होतं.

"हे बघा," साहेब खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "बाईंना सरळ सांगून टाका, वयामुळं होतंय. गाव गरम झालं असं छापून आलं तर इथं काळं कुत्रं येणार नाही फिरायला. गावाच्या नावाचा प्रश्न आहे."

"पण साहेब, झरा..."

"झऱ्याचं मी बघतो. तुम्ही वयाचं बघा."

पाटीवाले बाहेर पडले तर चहावाल्यानं हाक मारली. त्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. "पाटीवाले, डोंगरच म्हणा हं! बाईंच्या अहवालानं वाटेवर सावलीची छपरं येतील, पाण्याच्या टाक्या येतील. नाहीतर आहेच आपलं, रोज एक पाहुणा उन्हानं आडवा, आणि पाणी मारायला मी." इकडं आड, तिकडं विहीर. पाटीवाल्यांना वाटलं, अरे, खरं काय ते कुणाला हवंय की नाही? मग लगेच वाटलं, मला तरी हवंय का?

हवं असो नसो, शोधायचं त्यांनी ठरवलं. माणूस एकमार्गी, दुसरं काय करणार. मंगळवारी त्यांनी पोस्टमनला गाठलं. पोस्टमन तिशीचा, पाय हरणाचे, आठवड्यातून दोनदा चौथऱ्यापलीकडच्या वस्तीवर जायचा.

"तुला चौथऱ्याला किती वेळ लागतो रे?"

"एक तास पंचवीस," पोस्टमन तत्काळ म्हणाला.

पाटीवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला. "खरंच?"

"म्हणजे काय? पाटीवरच लिहिलंय ना. आठला निघतो, नऊ पंचवीसला वस्तीवाले चौथऱ्यावर पत्रं घ्यायला येतात. लवकर पोचून तिथं माश्या मारत बसू का? आरामात जातो, शीळ घालत."

उतरलेला दगड पुन्हा चढला. "पण पाटी नसती तर? तर किती लागला असता?"

पोस्टमननं डोकं खाजवलं. "पाटी नसती तर? असं कसं? पाटी आहे ना."

शाळेच्या कवायतीच्या मास्तरांकडं गेले तर तिथंही तीच गत. मास्तर दर महिन्याला मुलं वर न्यायचे. "पाटीप्रमाणे नेतो," मास्तर म्हणाले. "एकदा दहा मिनिटं लवकर पोचलो तर पालक भांडायला आले, आमच्या मुलांना पळवता म्हणून. तेव्हापासून मी मागं राहतो आणि शिट्टी मारून मुलांना हळू करतो." पाहुण्यांना फिरवणारा वाटाड्या म्हणाला, पाटीपेक्षा लवकर पोचवलं तर पाहुण्यांना फसल्यासारखं वाटतं. लॉजवाला म्हणाला, पाटी बघूनच आम्ही डबे भरतो. ज्याला विचारावं तो म्हणे एक तास पंचवीस. सगळं गाव पाटीवाल्यांच्या चालीनं चालत होतं! पाटीवाले हळू झाले तसं गावही हळू झालं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता यातनं माणसानं काढावं तरी काय? डोंगर मोजायला गेलं तर हाती पाटी लागते, पाटी मोजायला गेलं तर हाती आपणच लागतो. पाटीवाल्यांना चक्कर यायची पाळी आली. म्हणजे उन्हानं आली की वयानं, तेही समजेना.

बुधवारी ते दवाखान्यापर्यंत गेले. दवाखाना बसथांब्यामागच्या चढावर. चढ चढून दाराशी उभे राहिले तर आतल्या बाकांवर उन्हानं नाकं सोललेले पाहुणे बसले होते, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणी डोकं धरून. कंपाउंडरनं विचारलं, "काय होतंय?"

"मला? छे! मला काय होणार?" पाटीवाले म्हणाले. "दवाखान्याची पाटी नीट दिसते का बघायला आलो होतो. रंग उडालाय जरा." आणि वळून जे सुटले ते थेट घरी. घरी पोचल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता येईना.

घरी काकू चादरी घड्या करत होत्या. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळं गाव तिला काकूच म्हणायचं. गावातल्या चार लॉजच्या चादरी त्या धुऊन द्यायच्या. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन घरामागच्या उतारावर वाळवणाच्या तारांपर्यंत दिवसातून आठ खेपा, वर्षानुवर्षं. वाट फिरायला जाणं वगैरे थेरं त्यांना माहीत नव्हती. चौथऱ्यावर त्या लग्नानंतर दोनदा गेल्या असतील, तेही पाहुण्यांना दाखवायला.

पाटीवाले त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, तू पाट्या वाचतेस?"

"कसल्या पाट्या?"

"माझ्या."

"मला कुठं वेळ आहे हो पाट्या वाचायला?" काकू चादरीचं टोक दातात धरून म्हणाल्या. "आणि तुम्ही घरात काय कमी सांगता, की आणखी बाहेर जाऊन वाचू?"

पाटीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. सापडलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गावात एकच माणूस असा, जो पाटीच्या चालीनं चालत नाही. वय त्रेपन्न, म्हणजे अगदी पोर नाही, की तरुणाईमुळं पळाली असं कुणी म्हणेल. काकूंनाही सव्वा तासाच्या वर लागला तर डोंगरच. मग बाईंना सांगता येईल, साहेबांना सांगता येईल, आणि स्वतःला तर पहिल्यांदा सांगता येईल. त्यांनी काकूंना सगळं समजावलं. बाई, अहवाल, पोस्टमन, मास्तर. नानांचं मात्र सांगितलं नाही.

काकूंनी चादर खाली ठेवली. "मी नाही जायची," त्या म्हणाल्या.

"का?"

"मला काम आहे."

"तासाभराचं तर काम! घड्याळ लावायचं, चालायचं, वर पोचलीस की वेळ बघायचा."

"माझ्या चालण्यानं तुमचं काय ठरणार? सोडा की तो विषय. ऊन वाढलंय, सगळं जग म्हणतंय. तुम्हीच कशाला डोंगर पोखरताय?"

पण पाटीवाले हटून बसले. गुरुवारचा अख्खा दिवस ते काही खाईनात, धड बोलेनात. संध्याकाळी काकूंनी हातातली टोपली आपटली. "बरं, जाते! तुमच्यापुढं डोकं आपटून काय उपयोग? पण एकटी जाणार. तुम्ही बरोबर यायचं नाही."

"एकटंच जायचं असतं," पाटीवाले खूश होऊन म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता काकू बसथांब्यावरून निघाल्या. डोक्याला पिवळा स्कार्फ, कुणी पाहुणी लॉजवर विसरून गेलेली तो. मुठीत पाटीवाल्यांचं घड्याळ. पाटीवाल्यांनी शंभरदा बजावलं, पळू नकोस, रेंगाळू नकोस, दम लागला तर थांब. काकू म्हणाल्या, "लग्नात इतक्या सूचना दिल्या असत्या तर मी तेव्हाच पळाले असते," आणि झाडांत दिसेनाशा झाल्या.

पाटीवाले थांब्यावरच्या बाकावर बसले. समोर थांब्याचं मोठं घड्याळ. बसगाड्या त्याच्यावर सुटत, म्हणजे ते बरोबर होतं. वाट झाडांतून जाते ती दिसत नाही, पण अगदी वरचा टप्पा आणि दगडी चौथरा खालून स्वच्छ दिसतो. सकाळी आठला वर चिटपाखरू नसतं, पाहुणे तेव्हा नाश्त्याला बसलेले असतात.

आठ त्रेपन्नला चौथऱ्यावर काहीतरी पिवळं दिसलं.

पाटीवाल्यांनी डोळे चोळले. शक्य नाही. कुणी पाहुणी असेल. पण पिवळा ठिपका चौथऱ्यावर गेला आणि कडेला खाली बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठिपका हलेना. पाटीवाल्यांचा जीव खालीवर झाला. पाय तर मुरगळला नाही? घेरी तर आली नाही? आपण म्हातारीला उगाच पाठवलं! थांब्याच्या कठड्याशी पाहुण्यांसाठी दुर्बीण होती, नाणं टाकून बघायची. एकतीस वर्षांत पाटीवाल्यांनी त्यात कधी डोळा घातला नव्हता. आता त्यांनी खिसा चाचपून नाणं टाकलं.

काकूच होत्या. चौथऱ्याच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. पाय ठीक, चेहरा ठीक, दमल्याही नव्हत्या. त्यांनी मूठ उघडली, घड्याळ बघितलं आणि मूठ मिटली. इकडं तिकडं बघितलं. स्कार्फ सोडून पुन्हा बांधला. पुन्हा मूठ उघडून घड्याळ बघितलं. बसची वाट बघणारं माणूस करतं तसं त्यांचं चाललं होतं. दुर्बिणीची वेळ संपून आत काळोख झाला, तरी पाटीवाले डोळा लावून तसेच उभे होते.

नऊ पंचवीसला पिवळा ठिपका उठला आणि उतरायला लागला.

त्या अर्ध्या तासात पाटीवाल्यांना काय वाटलं? राग आला. लाज वाटली. आणि या दोन्हींच्या तळाशी भीती होती, निखळ भीती. त्यांना वाटलं, मला काहीतरी झालंय, आणि हिला ते माहीत आहे.

काकू दहाला खाली आल्या तोवर थांब्यावर माणसं जमली होती. अहवालवाल्या बाई सामान घेऊन आल्या होत्या, साहेब त्यांना निरोप द्यायच्या निमित्तानं आले होते, आणि चहावाला किटली हातात घेऊन तसाच उभा होता. बाईंनी विचारलं, "मग काकू? किती?"

काकूंनी घड्याळ पाटीवाल्यांच्या हातात दिलं. त्यांच्याकडं बघितलं नाही. "एक तास पंचवीस," त्या ठणकावून म्हणाल्या. "पाटीवर आहे तेवढाच. डोंगरच आहे. माणसात काही खोट नाही."

चहावाल्यानं किटली उंचावली. साहेबांचा चेहरा पडला. बाईंनी पेन काढलं. झालं की! ब्रश राहिला, मान राहिला, अहवालही राहिला. पाटीवाल्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं.

"त्रेपन्न मिनिटं," पाटीवाले म्हणाले.

"काय?"

"तिला त्रेपन्न मिनिटं लागली. मी बघितलंय. पहिल्या वर्षी मला पन्नास लागली होती, मग मागं एकदा दरडीमुळं वाट वळवली तेव्हा तीन मिनिटं वाढली, ती धरूनच. म्हणजे डोंगर जिथल्या तिथं आहे. वाढलो तो मी."

साहेब एकदम उजळले. "बघा बाई! मी म्हणत नव्हतो? हवेला काही झालेलं नाही."

"हवेला झालंय," पाटीवाले म्हणाले. "झरा काही माझ्या वयामुळं आटला नाही साहेब. बर्फ काही माझ्या गुडघ्यांमुळं कमी पडत नाही. सकाळी आठला निघून ऊन किती ते कळत नाही, दुपारी बाराला चालून बघा. ऊन मोजा, पाणी मोजा. फक्त माझ्या पायांनी मोजू नका. त्यात आता काय मिसळलंय ते माझं मलाच समजत नाही." साहेब पुन्हा विझले.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वाट कोण चालणार?"

पाटीवाल्यांनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी बसकडं. "बघा कुणीतरी," पाटीवाले म्हणाले. "पोस्टमनला सांगा. पण आधी त्याला म्हणावं, पाटीकडं बघायचं नाही."

बस गेली, माणसं पांगली. काकू बाकावर बसल्या होत्या. पाटीवाले शेजारी बसले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला बघत बसायला?" काकू फणकारल्या. पण आवाज पुढं गेलाच नाही, त्यांना रडूच फुटलं. स्कार्फमध्ये तोंड घालून त्या भर थांब्यावर रडल्या.

"कधीपासून कळलंय तुला?"

"त्रेसष्ट लिहिलंत त्या वर्षापासून. रात्री कुशीवर वळलात तरी धाप लागते तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रश ठेवून आला असतात. मग घरात बसून काय केलं असतंत? आणि मला वाटलं, नाही बोललं तर नसेलच काही." त्यांनी नाक पुसलं. "वेडीच मी."

पाटीवाले उठले. "चल," ते म्हणाले. "दवाखान्यात जाऊ. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. घाबरलोय मी. एकट्याच्यानं आत जाववत नाही."

थांब्यामागचा चढ लागला. पाटीवाले दहा पावलांवर थांबले, कठडा धरला. काकूही थांबल्या.

"तू हो पुढं," पाटीवाले म्हणाले. "नंबर लाव. तुझ्या चालीनं जा की, आता काय लपवायचंय?"

काकूंनी दोन पावलं टाकली. मोठी, झपाझप. मग त्या थबकल्या, मागं आल्या आणि त्यांनी त्यांचा हात धरला.

"नाही जमत हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर असलात की मला तसं चालताच येत नाही आता."